मनोरा सरळच आहे, ओळंबा वाकडा आहे

शिरूर (घोडनदी),
२० सप्टेंबर १९६२

तीर्थरूप डेव्हिडमामा यांच्या सेवेशी,

भाचा योसेफ याचा हात जोडून सलाम. प्रभूच्या दयेने इकडे सगळ्यांच्या प्रकृती ठणठणीत आहेत, माझी अब्रू तेवढी गेले काही दिवस ताप अंगावर काढते आहे. दयामामींचे गुडघे आता पायऱ्या चढू देतात का? (एरंडेल चोळून गरम विटेनं शेकायचं म्हणावं. आमच्या आईला त्यानं फरक पडला होता, असं आई सांगायची. चालताना मात्र ती शेवटपर्यंत भिंत धरायची.) तुमची तपकीर सुटली असं कळलं, आनंद झाला. परत सुरू झाली असंही त्याच माणसाकडून कळलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. शेळी व्याली असेल तर करडू कुणाला देऊन टाकू नका. पुढं कामाला येईल. कशाच्या, ते ओघानं येईलच.

तो माणूस म्हणजे आपला ज्ञानू कंडक्टर. शिरूर-दौंड गाडीत तिकिटांबरोबर तो बातम्याही फाडून देतो, हे तुम्हाला ठाऊक आहेच. योसेफ मास्तरानं देवाचं घर दारू प्यायल्यागत बांधलं, असं तो दौंडच्या स्टँडवर सांगत फिरतोय म्हणे. मामा, तुम्ही रेल्वेत मुकादम. रुळाची वाकडी-सरळ नजर तुमच्याएवढी आपल्या नात्यात कुणाला नाही. म्हणून ज्ञानूवर विश्वास ठेवण्याआधी शास्त्राची बाजू तुमच्यासमोर मांडतो. आपल्या चर्चचा नवा मनोरा वाकडा झालेला नाही. तो वाकडा दिसतो, कारण सगळे लोक तो गवंड्याच्या दोरी-वजनाच्या ओळंब्यानं बघतात. वाकडा आहे तो ओळंबा.

आता मुळापासून सांगतो. आपल्या मंडळीचे वडील शलमोनदादा (मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते ते. त्यांच्या हातचं औषध कडू असायचं आणि बोलणं त्याहून) यांनी आपल्या कैलासवासी, म्हणजे प्रभूत निजलेल्या पत्नीच्या आठवणीसाठी चर्चला घंटेचा मनोरा बांधून द्यायचं ठरवलं. देखरेखीला त्यांनी मला नेमलं. आता मंडळीत शिकलेले इतर लोक नव्हते का? होते. पण दादांची मुलगी राहेल, जी आमच्याच शाळेत मुलींना गणित शिकवते, तिच्यासाठी माझं नाव मंडळीतल्या कृपाबाईंनी त्यांच्या कानावर घातलं होतं, आणि दादांनी होही म्हटलं नव्हतं, नाहीही म्हटलं नव्हतं. फक्त म्हणाले, आधी मनोरा उभा राहू दे, मग बोलू. यातला अर्थ अख्ख्या शिरूरला कळला. तिकडं अहमदनगरचा एक कारकूनही रांगेत आहे. त्याच्या सायकलला पुढं दिवा आणि मागं लाल काच आहे. माझ्याकडं सायकल नाही, पण बी.एस्सी. आहे, तीही गणित घेऊन. तेव्हा हा मनोरा मी साध्या गवंडीकामासारखा बांधून घेणार नाही, शास्त्रशुद्ध बांधून घेईन, असा निश्चय केला. माझी सगळी अडचण या निश्चयातून निघालेली आहे.

चर्चच्या पूर्वेला सर्जेरावांचं टेकाड आहे, ते तुम्हाला आठवत असेल. लहानपणी तुम्ही मला त्यावर बोरं काढायला न्यायचात. लांबलचक, उघडंबोडकं, आणि चर्चच्या कुंपणापाशी एकदम तुटलेलं. तर शाळेच्या कपाटात मिशनच्या साहेबांनी मागं ठेवलेलं पदार्थविज्ञानाचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे, त्यात मला असं वाचायला मिळालं की, हिमालयाजवळ जमिनीची मोजणी चालली असताना ओळंबे सरळ खाली न लोंबता डोंगराकडं किंचित सरकत होते. डोंगर त्यांना आपल्याकडं ओढत होता! मी पुस्तक मिटलं, खिडकीतून बाहेर पाहिलं, तर समोर सर्जेरावांचं टेकाड. मामा, मला त्या क्षणी जो आनंद झाला तो सांगता येणार नाही. शिरूरमध्ये इतकी वर्षं घरं बांधली गेली, पण टेकाडाचा ओढा हिशेबात धरायचं एकाही माणसाला सुचलं नव्हतं.

आता हा ओढा काढायचा कसा? पृथ्वीचं सोपं आहे. ती गोल आहे, आणि गोल वस्तूचं असं आहे की बाहेरून तिचा ओढा मोजायचा झाला तर तिचं सगळं वजन मधोमध एका ठिपक्यात घालून चालतं. (हे मी हौसराव गवंड्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "एवढी पिरथवी ठिपक्यात बसती, मंग सर्जेरावाचं टेकाड बी बसवा की! कशापायी डोकं शिणवताय?" प्रश्न बरोबर होता. पण टेकाड गोल नाही, आणि आपण त्याच्या अगदी कुशीत उभे आहोत. जवळची माती जास्त ओढणार, लांबची कमी, आणि अंतर दुप्पट झालं की ओढा चौथाई होणार. अशा वस्तूला ठिपका करून भागत नाही.) म्हणून तिथं कॅलक्युलस लागतं. याला शुद्ध मराठीत कलन म्हणतात, पण त्या नावानं ते सोपं होत नाही. युक्ती अशी: टेकाडाचे मनातल्या मनात बारीक बारीक तुकडे करायचे. इतके बारीक की एकेक तुकडा ठिपकाच मानता यावा. एकेका तुकड्याचा ओढा काढायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. पण बेरीज नुसती करून चालत नाही, कारण प्रत्येक तुकडा आपापल्या दिशेला ओढतो. तुम्ही आपल्या पंचकमिटीची सभा पाहिली आहे. चार जण उत्तरेला ओढतात, चार दक्षिणेला, त्यांचं आपसात कटतं, आणि शेवटी जे उरतं ते शलमोनदादांच्या दिशेनं जातं. टेकाडाचंही तसंच. उत्तरेकडच्या मातीचा उत्तरेचा ओढा दक्षिणेकडची माती खाऊन टाकते, आणि निव्वळ पूर्वेचा उरतो. तेवढ्याचीच बेरीज घ्यायची. मामा, हे मी दोन वह्यांची पानं भरून केलं, आणि शेवटची ओळ आली तेव्हा उभा राहून स्तोत्र म्हटलं. शेजारच्या गीताबाईंना वाटलं, घरात कुणी वारलं.

सरकारनं आता शेर, मण, गज सगळं रद्द करून किलो आणि मीटर आणले आहेत, आणि त्याच्या शिबिराला शाळेतर्फे मीच गेलो होतो. तेव्हा टेकाड मी बाणेदारपणे मीटरमध्ये मोजलं आणि त्याची माती किलोत धरली. (सर्जेरावांनी विचारलं, जमीन मोजताय का? मी म्हटलं, नाही, वजन करतोय. तेव्हापासून ते माझ्याकडं जरा निरखून बघायला लागले.) गुरुत्वाचा तो सुप्रसिद्ध आकडा मात्र मी त्या जुन्या पुस्तकातून जसाच्या तसा उचलला. थोरामोठ्यांच्या आकड्यांत आपण हात घालू नये, असं माझं मत आहे. उत्तर (जे मी कौतुकानं शाळेच्या फळ्यावरही मांडलं) आलं ते असं की, नऊ मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून ओळंबा सोडला तर त्याचं वजन खाली टेकाडाकडं बोटभर सरकेल. म्हणजे ओळंब्याच्या नादी लागून मनोरा बांधला असता तर तो बोटभर चर्चवर कलला असता! मी हौसरावला ताबडतोब हुकूम दिला, ओळंब्याचं ऐकू नकोस, माझं ऐक. माथा ओळंब्यापेक्षा बोटभर टेकाडाच्या बाजूला घे.

हौसराव कारेगावचा, बापजाद्यांपासून गवंडी. त्यानं कानातली पेन्सिल काढून पुन्हा कानात घातली. "मास्तर, वळंबा कवा खोटं बोलला न्हाई. मानूस बोलतंय," असं म्हणाला. मी त्याला तिथंच वाळूत काडीनं टेकाड काढून, त्याचे तुकडे पाडून, दिशा कटवून, सगळं समजावलं. थोडं थोडं घ्यायचं आणि बेरीज करत जायचं, हे तत्त्व मी त्याच्या डोक्यात पक्कं उतरवलं. मधेच त्याचे डोळे चमकले. मला वाटलं, शास्त्र पटलं. आता कळतं की त्याला निराळंच काही पटलं होतं. कारण दुसऱ्या आठवड्यापासून पंचक्रोशीत त्यानं आजवर बांधलेली झाडून सगळी वाकडी कामं टेकाडानं ओढलेली निघाली. साखरबाईंच्या गोठ्याची भिंत पोटातून फुगली, ती समोरच्या कडब्याच्या गंजीनं ओढली म्हणून. सोपानरावांच्या विहिरीचं कडं तिरकं गेलं, ते शेजारच्या वडानं ओढलं म्हणून. कुणी बोललं की म्हणतो, मास्तरांनी हिशोबानं शिद्ध केलंय, जाऊन इचारा. आणि लोक येऊन विचारतात, मामा! शाळा सुटल्यावर फाटकापाशी माणसं उभी असतात.

बरं, हे सगळं होऊनही मनोरा नुसता बोटभर कलला असता तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. घोटाळा झाला तो गवंडीकामाच्या रीतीमुळं. मनोरा काही एका दमात चढत नाही. पुरुषभर काम झालं की उभं राहायची बांबूंची परांची वर बांधतात, आणि तिथून नव्यानं ओळंबा सोडतात. मी बोटभर म्हटलं होतं ते अख्ख्या मनोऱ्याचं. हौसरावनं दर परांचीला एकेक बोट घेतलं. थोडं थोडं घेतलं आणि बेरीज करत गेला. माझं कॅलक्युलस त्याला इतकं समजलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. शेवटी परांच्या उतरवल्या आणि आम्ही सगळे मागं सरकून बघायला लागलो, तेव्हा मनोरा टेकाडाकडं चांगला पाच-सहा बोटं झुकून, कानगोष्ट सांगतोय तसा उभा होता. पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थनेला सुरुवात केली. दादांनी नुसती टोपी काढली, मनोऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं, आणि टोपी घातली. त्यांच्या पत्नीच्या आठवणीचा मनोरा होता तो. खरं सांगतो मामा, तेवढा एक क्षण मी हिशेबाची वही पाठीमागं लपवली.

पण मी खचणाऱ्यांतला नाही. खचवायला सर्जेराव आले. आपल्या टेकाडात एवढी ताकद आहे हे ऐकून आधी त्यांची छाती फुगली होती. पाव्हण्यारावळ्यांना ते टेकाड दाखवायला आणत होते. पण चावडीवर बोलता बोलता मीच सांगून बसलो की, निसर्गाचा नियम दोन्हीकडून असतो. टेकाड मनोऱ्याला जेवढ्या जोरानं ओढतं, तेवढ्याच जोरानं मनोराही टेकाडाला ओढतो. झालं! सर्जेराव दुसऱ्या दिवशी पागोटं बांधून चर्चच्या दारात हजर. "म्हंजी तुमचा मनोरा माझी जमीन वढतोय! बांध कोरनारी मानसं लई बघितली, पर उभ्या उभ्या जमीन वढनारं देऊळ आजच बघितलं. आन् वरनं माझ्याच हद्दीवर वाकलाय. म्या तालुक्याला अर्ज करतो." मी त्यांना म्हटलं, टेकाड फार वजनदार आहे, ते हलणार नाही. तर म्हणाले, आज न्हाई हलनार, नातवाच्या टायमाला हललं तर? याला कॅलक्युलसमध्ये उत्तर नाही.

शेवटी गेल्या रविवारी उपासनेनंतर मंडळीची सभा भरली. कापणीच्या सणासाठी लोकांनी आणलेली पहिली बाजरी वेदीपुढं रास घालून ठेवली होती, तिचाच मी उपयोग केला. ओळंबा राशीशेजारी टांगला, आणि एकेक दाणा ओढतो, सगळ्यांची बेरीज होते, हे इतकं सुरेख समजावलं की झुंबरबाई अर्पणाला आणलेली आपली कोंबडी सोडून ऐकत बसल्या. मी म्हटलं, आता ओळंब्याकडं बघा. आणि खरोखर मामा, ओळंबा राशीकडं सरकला! सगळीकडं अहाहा झालं. (दादांनी पलीकडून लांब सुस्कारा सोडला होता, असं मागं बसलेले काही लोक म्हणतात. असतील.) मग दादा उठले आणि त्यांनी सरळ राहेलला विचारलं, "तू बी गनित शिकवतीस. खरं सांग, टेकाड वळंब्याला वढतं का?" नगरचा कारकून त्या दिवशी मुद्दाम आला होता, तो पुढं सरकून बसला. राहेल उभी राहिली, माझ्याकडं पाहिलं, आणि म्हणाली, "व्हय दादा, वढतं." एवढंच. आणि खाली बसली. मी विजयी मुद्रेनं सगळीकडं पाहिलं. दादा म्हणाले, ओढत असेल, पण कापणीच्या सणाला घंटा वाजवताना मनोरा कुणाच्या डोक्यावर येता कामा नये. तोवर तो सावरला तर पुढचं बोलू, नाहीतर नगरच्या पाव्हण्यांना होकार कळवू.

तेव्हा मामा, एकंदरीत सगळं उत्तम चाललं आहे. शास्त्राचा विजय झालेला आहे, राहेलनं भर सभेत साक्ष दिलेली आहे, आणि मनोराही अजून उभा आहे. मामींना सलाम. लहानांना पाप्या. ज्ञानूला हे पत्र वाचून दाखवा, म्हणजे त्याचं तोंड बंद होईल.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
योसेफ

ता. क. एक किरकोळ गोष्ट राहिली. टेकाडानंतर आता लांब, सरळ दांड्याचा ओढा कसा काढायचा याचा अभ्यास हाती घेतला आहे. त्यासाठी भंगाराच्या लिलावात निघालेले दोन जुने रूळ मिळाले तर शास्त्राची मोठी सेवा होईल. चांगले लांब असावेत. गुळाचे ट्रक तिकडून रिकामे येतातच.

दुसरा ता. क. मामी हे पत्र मोठ्यानं वाचत असतील तर इथं थांबायला सांगा. रूळ मनोऱ्याला टेकाडाच्या बाजूनं धिरे, म्हणजे टेकू, म्हणून लावायचे आहेत. हौसराव म्हणतो की दोन रूळ पक्के रोवले आणि वरचा पुरुषभर भाग उतरवून नव्यानं चढवला (या वेळी ओळंब्याचं ऐकून) तर सणाआधी काम होतं. धिरे सर्जेरावांच्या हद्दीत रोवावे लागतील. त्यांना एक करडू नजर करावं असा विचार आहे, म्हणून शेळीची चौकशी केली. आणि हिशेब पुन्हा तपासला. ते जुनं पुस्तक ग्रॅम आणि सेंटिमीटरचं निघालं, आणि मी टेकाड किलो-मीटरमध्ये घातलं होतं. त्यामुळं त्या सुप्रसिद्ध आकड्यात दशांशचिन्हानंतरची तीन शून्यं माझ्याकडून कमी पडली. खरं उत्तर बोटभर नसून केसाच्या जाडीएवढंही नाही. पण यात माझी चूक म्हणाल तर मान्य नाही. डावीकडच्या शून्याला किंमत नसते, हे लहानपणी दौंडच्या फलाटावर बसून तुम्हीच मला शिकवलंत.

तिसरा ता. क. हे फक्त तुमच्यासाठी. सभेनंतर राहेल मला पिंपरणीच्या झाडाखाली भेटली. म्हणाली, "तीन शून्यं खाल्लीत, ते मला पयल्याच दिवशी फळ्यावर दिसलं होतं. पर ते जाऊ द्या. टेकाड वळंब्याला वढतंय, तर मनोऱ्याला काय सोडतंय व्हय? दोघांना सारखंच वढनार! म्हंजी हिमालयाशेजारी बांधला तरी मनोरा वळंब्यावरच बांधायचा असतो." मामा, मी उभाच राहिलो. दोन वह्या, सगळं टेकाड, आणि हे एक वाक्य मला सुचलं नव्हतं. मी विचारलं, मग हे सभेत का नाही बोललीस? तर म्हणाली, "दादांनी वढतं का इचारलं, किती वढतं न्हाई इचारलं. आन् का न्हाई बोलले, त्याचा हिशोब तुमी काढा. बी.एस्सी. झालाय न्हवं?" आणि गेली.

हा हिशेब मला तुकडे न पाडता, बेरीज न करता, एकदम आला. तेव्हा येत्या रविवारी मागणी घालायला तुम्ही या. रूळ मिळाले तर बरोबर आणा. नाही मिळाले तरी याच.